दाखल नंबर नसलेली फाइल

प्रमिला,

आधी ते सांगून टाकते, म्हणजे बाकीचं लिहिता येईल. दिवाळीनंतर तू अकोल्याच्या दवाखान्यातून फोन केला होतास. आवाज इतका बारीक झाला होता की मला आधी वाटलं, तुझी मुलगीच बोलतेय. तू विचारलंस, "धारणीची फाइल नीट हाये ना वं?" मी म्हटलं, "हाये ना. माह्या कपाटात हाये. काहून काळजी करून राहिली?" ती फाइल तेव्हा कपाटात नव्हती. उन्हाळ्यातच रद्दीत गेली होती, आणि त्या रद्दीच्या यादीखाली सही माझी होती. त्या फोननंतर तू पाच महिने होतीस. आज तुला जाऊन बावीस दिवस झाले, आणि मी हे आत्ता सांगते आहे.

मी थकले आहे गं. रडून वगैरे नाही, रडायला तेवढा वेळ कुणी दिला नाही. ग्रंथालयाच्या नव्या इमारतीत अजून रॅक लागताहेत, वरच्या मजल्यावर पंखे नाहीत, आणि एप्रिलचं ऊन तुला माहीत आहेच. रोज कुणीतरी येऊन विचारतं, गवई मॅडम गेल्या म्हणे, काय झालं होतं त्यांना? मी मान हलवते. उत्तर शेजारच्या टेबलावरचं कुणीतरी देतं.

तू पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर आलीस तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मला तुझा राग आला होता. विशेष शिक्षणाचा विभाग नुकताच सुरू झाला होता. अकोल्यात कर्णबधिर मुलांच्या शाळेत वीस वर्षं शिकवून तू विद्यापीठात आली होतीस आणि रोज गाडीनं बडनेऱ्याला उतरून, तिथून ऑटोनं घामाघूम होऊन पोचायचीस. विचारलंस, आमच्या विषयाचं काय काय आहे? मी तुला रॅक दाखवला. अर्धा कप्पा होता. त्यात मानसशास्त्राची चार पुस्तकं, एक कायद्याचं आणि एक कुठल्यातरी परिषदेचं स्मरणिकेसारखं काहीतरी, त्याला वाळवी लागलेली. तू ते सगळं काढून पाहिलंस आणि मोठ्यांदा म्हणालीस, "एवढंच? ह्याच्याहून जास्त पुस्तकं त माह्या घरी पलंगाखाली हायेत." वाचनकक्षातली मुलं हसली. माझ्या वाचनकक्षात कुणी मोठ्यांदा बोललेलं मला खपत नाही हे तुला तेव्हा माहीत नव्हतं, आणि पुढे माहीत झाल्यावरही तू काही आवाज कमी केला नाहीस.

मग आपण दोघींनी तो कप्पा भरायला घेतला. दिल्लीच्या विक्रेत्यांकडून याद्या मागवल्या. पुस्तकं आली, जाडजूड, गुळगुळीत कागदाची, सगळी इंग्रजीत. तू एकेक उघडून वास घ्यायचीस, मग बाजूला ठेवायचीस. "चांगली हायेत. पण माह्या पोरीइले वाचता येत नाहीत." तुझ्या विद्यार्थिनी दर्यापूरच्या, मूर्तिजापूरच्या, चिखलदऱ्याच्या. मराठीत शिकून आलेल्या. त्या यायच्या, ती पुस्तकं टेबलावर उघडून ठेवायच्या आणि वहीत चित्रांची नक्कल करायच्या. मराठीत काही मिळतं का म्हणून मी पुण्यापर्यंत पत्रं पाठवली. जे आलं ते एका पिशवीत मावलं.

ब्रेलची पुस्तकं आली तेव्हाचं तुला आठवतं? एकाच पुस्तकाचे दहा-बारा खंड, प्रत्येक पाटाएवढा. आमच्या माणसांनी मोठ्या हौसेनं सगळे सोपस्कार केले. शिक्के मारले, आणि प्रत्येक खंडाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी आणि कार्डाचा खिसा चिकटवला, जसा आम्ही प्रत्येक पुस्तकाला चिकटवतो तसाच. आठवड्यानं तुझा तो दृष्टिहीन विद्यार्थी आला आणि फार अदबीनं म्हणाला, "मॅडम, गोष्ट चांगली आहे. फक्त कुठल्याच भागाचा शेवट वाचता येत नाही, तिथं कागद लागतो हाताला." ब्रेलमध्ये शेवटचं पान कोरं नसतं हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तू मात्र कापूस मागवलास. ओल्या कापसानं ते खिसे सोडवायला माझ्याबरोबर दोन दुपारी बसलीस, गिला वडा खात, आणि मी दह्यानं माखलेल्या हातांबद्दल ओरडले की साडीला हात पुसत. अर्धे ठिपके चिठ्ठीबरोबर गेलेच. पुस्तकांच्या शेवटांना कुलूप लावलं म्हणून तेव्हापासून तू मला 'कुलूपबाई' म्हणायला लागलीस आणि मी तुला 'अगं' म्हणायला लागले.

खरं भांडण फाइलींवरून सुरू झालं. तुझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला वर्षभर एकेका मुलाबरोबर काम करून त्याची फाइल लिहावी लागायची. मूल कसं बसतं, काय मागतं, काय शिकलं, काय नाही शिकलं. परीक्षा झाली की त्या फाइली विभागाच्या व्हरांड्यात पडून राहायच्या आणि मुदत संपली की रद्दीत जायच्या. सगळ्याच विभागांत जातात. तू मात्र ढिगात बसून त्या उपसायचीस. त्यातली एक घेऊन माझ्याकडे आलीस.

"हे दाखल कर."

"हे पुस्तक नाही."

"मंग काय हाये?"

"विद्यार्थ्याची प्रात्यक्षिकाची फाइल आहे. याला प्रकाशक नाही."

"प्रकाशक नाही त नाही म्हणून लिव्ह. दुनियेत काय सगळ्याइले बाप असते का?"

ती रेखाची फाइल होती. धारणीच्या पलीकडच्या गावातली तुझी विद्यार्थिनी, कोरकू घरातली. तिनं आपल्याच गावची फुलवंती निवडली होती. फुलवंती तेव्हा नऊ वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण ती मुलगी मुकी बसत नव्हती, असं तू मला सांगितलंस. घरात तिनं, तिच्या आईनं आणि आजीनं मिळून हातांच्या खुणा केल्या होत्या. मोहाची, अस्वलाची, तापाची, नाल्याला पूर आल्याची. रेखानं त्या सगळ्या पेन्सिलीनं काढल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, ही खूण कोण करतं, कधी करतं, कुणाला कळते.

"दिल्लीचं कोणतंच पुस्तक हे सांगत नाही वं," तू म्हणाली होतीस. "मास्तर जाते अन् समजते का पोरीले काहीच येत नाही. तिले त घरची आख्खी बोली येते. तिथूनच सुरू करा लागते. हे मले पुढच्या पोरीइच्या हाती द्याचं हाये."

मी नियमानं बोलले. आज एक घेतली तर दरवर्षी चाळीस घ्याव्या लागतील. जागा कुठे आहे? तपासणी समिती आली आणि विचारलं तर काय दाखवू? आणि फाइलीत लेकरांची नावं आहेत, घरची दुखणी आहेत, ती कुणाच्याही हाती कशी द्यायची? यातलं काहीही चूक नव्हतं. तू गेलीस म्हणून मी ते आता चूक ठरवणार नाही. नावांचा मुद्दा तर तूही मान्य केला होतास, फक्त माझ्यासमोर नाही.

पण चाळीस फाइलींचं कारण सांगून मी त्या एका फाइलीचं उत्तर टाळलं. शेवटी तडजोड म्हणून म्हटलं, ठेव माझ्या कपाटात, ग्रंथालय समितीच्या बैठकीत विषय मांडते. दोन वर्षं ती तिथं होती. दर दोन महिन्यांनी तू विचारायचीस, "झाली का बैठक?" बैठका झाल्या. मी विषय मांडला नाही. कुणी हसेल म्हणून मांडला नाही, हे खरं कारण. तीस वर्षं नोकरी केलेली ग्रंथपाल एक स्पायरलची फाइल घेऊन उभी राहते आणि हिला पुस्तक म्हणा म्हणते, हे माझ्याच्यानं होईना. आणि एक गोष्ट त्याहून वाईट. दोन वर्षांत मी ती फाइल एकदाही उघडली नाही. वरची मोहाची खूण तू दाखवली होतीस तेवढीच. पुस्तक नव्हतं ना, म्हणून वाचलं नाही.

मग तुझं आजारपण निघालं आणि त्याच उन्हाळ्यात ग्रंथालय नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. जुनी कपाटं रिकामी होत होती. आमच्या परिचरानं विचारलं, "मॅडम, या गठ्ठ्यावर नंबर नाही." मी दुसरी यादी तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "नंबर नाही ते रद्दीत." एवढंच. त्या बिचाऱ्यानं काही केलं नाही, त्यानं विचारलं होतं. दोन दिवसांनी घरी भाजी निवडताना आठवलं, तुझी फाइल त्याच गठ्ठ्यात होती, आणि माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. मी धावत गेले. टेम्पो कधीच गेला होता. रद्दीवाल्याकडे गेले, त्यानं गोदाम दाखवलं, मोकळं. "कागद त परवाच कारखान्यात गेला ताई. काई महत्त्वाचं होतं का?" मी नाही म्हटलं. त्या उन्हाळ्यात मी फार वेळा नाही म्हटलं.

तू ओरडशील म्हणून मी तुला सांगितलं नाही असं नाही. तुझं ओरडणं मला चाललं असतं. तू "जाऊ दे" म्हणाली असतीस, आणि ते मला ऐकवलं नसतं. तुझ्या तोंडून मी ते कधीच ऐकलेलं नव्हतं. एका ब्रेलच्या खंडासाठी तू कुलसचिवांशी भांडली होतीस.

फेब्रुवारीत मी तुला भेटायला अकोल्याला आले. तू भिंतीला टेकून बसली होतीस, डोक्याला रुमाल. मी ठरवून आले होते. गाडीत सगळी वाक्यं जुळवली होती. तू मला जवळ बसवलंस आणि म्हणालीस, "तुह्यामुळं झालं वं सारं. नाहीतर मले कोण देत होतं रॅक? आता चार रॅक झाले ना आपले?" मी म्हटलं, पाच. तू इतकी हसलीस की खोकला लागला. मी तोंड उघडलं आणि तुझी मुलगी चहा घेऊन आली. मी चहा घेतला. दूध जास्त होतं. एवढंच मला त्या भेटीतलं नीट आठवतं.

म्हणजे तू माझे आभार मानून गेलीस. तुला माहीत नाही तू माझ्यावर काय ओझं ठेवलंस ते. मी तुला मनात खूप बोलून घेतलं आहे गेल्या तीन आठवड्यांत. सारखं विचारायचं कशाला होतं? एक झेरॉक्स काढून स्वतःपाशी ठेवली असती तर काय बिघडलं असतं? पण तू वस्तू दिलीस की देऊन टाकायचीस. माझ्या कपाटाला कुलूप आहे यावर तुझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

तुझ्या विभागानं शोकसभा घेतली. चार भाषणं झाली. सगळ्यांनी तुझ्या पदव्या वाचल्या. मला बोलायला सांगितलं, मी घसा बसलाय म्हटलं. सभा संपल्यावर एक मुलगी माझ्यापाशी आली. मी तिला ओळखलं नाही. म्हणाली, "मी रेखा, म्याडम. धारणीची. आता तिकडं आश्रमशाळेत आहे. आमच्या शाळेत असाच एक मुलगा आला आहे, त्याच्यासाठी माझी फाइल बघायची होती. गवई म्याडमनं सांगितलं होतं, तुझी फाइल विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे. मी घरी पण सांगितलं सगळ्यांना."

तिला मी खरं सांगितलं. तिथंच, मांडववाला खुर्च्या उचलत होता तेव्हा. तुला नाही सांगता आलं ते हिला सांगितलं, कारण ही समोर उभी होती आणि तिला फाइल हवी होती. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, "झेरॉक्स पण नाही?" नाही म्हटलं. मग म्हणाली, "रविवारी गावी येता का? मला सगळं आठवणार नाही. फुलवंतीकडूनच घ्यावं लागेल." विचारल्यासारखं विचारलं, पण ते बोलावणं नव्हतं. यायलाच हवं असं तिच्या आवाजात होतं.

गेल्या रविवारी मी गेले. परतवाड्याच्या पुढं घाटात एसटीनं माझी हाडं मोकळी केली. धारणीहून जीप, मग चालत. तू त्या वयात, तुझ्या त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, तीन वेळा इथं आली होतीस हे मला रेखानं वाटेत सांगितलं. मला तू फक्त एवढंच म्हणायचीस की उद्या येत नाही, फील्डवर हाये. मी समजायचे, तू घरी झोपा काढतेस.

अंगणात मोहाची फुलं वाळत टाकली होती, वास नाकात बसत होता. फुलवंती आता बारा वर्षांची आहे, उंच झाली आहे, वेण्या घालते. रेखानं तिला समोर बसवलं आणि आठवतील तशा खुणा करायला लागली. काही खुणांना ती पोटभर हसली. त्या तिनं सोडून दिल्या होत्या, लहानपणीच्या होत्या त्या, आपण बोबडं बोलणं सोडतो तशा. काही तिनं दुरुस्त केल्या. मी वहीत काढत होते. मला चित्र येत नाही, माझे हात वांग्यांसारखे दिसत होते. तिनं वही ओढून घेतली, आपला पंजा कागदावर ठेवला आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. मग माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं येत नाही का? दुपारपर्यंत तेवीस झाल्या. पहिल्या फाइलीत किती होत्या ते रेखालाही सांगता येईना. ज्या विरल्या त्या विरल्याच. ती नऊ वर्षांची फुलवंती पुन्हा कुठून आणायची?

सोमवारी मी ती वही दाखल केली. कुणाला विचारलं नाही. रजिस्टरात लिहिलं, लेखक: फुलवंती व रेखा. आडनावं गाळली, नावांचा मुद्दा माझा होता आणि अजून आहे. प्रकाशक: नाही. बैठकीत कुणी विचारलं तर उत्तर देईन. आता हसायचं त्यांनी हसावं, माझी दोनच वर्षं राहिली आहेत. बाकीच्या फाइलींचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. व्हरांड्यात यंदाचा ढीग पडला आहे. या आठवड्यात त्यातल्या सहा वाचल्या, हो, वाचल्या. दोन अगदीच टाकाऊ आहेत, एकमेकींची नक्कल केलेल्या. तुला हे सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. भांडायला मला दुसरं कुणी सापडत नाही.

त्या दिवशीचं एक राहिलं सांगायचं. आम्ही निघायला उठलो तेव्हा फुलवंतीनं माझ्या पाठीमागे वाटेकडे पाहिलं, मग दोन बोटांनी नसलेल्या निऱ्या वर उचलल्या आणि पाय फाकवून, जपून, दोन पावलं टाकली. जिना चढताना तू तशीच चढायचीस. तिची आई हिंदीत म्हणाली, "मॅडम का पूछ रही है. मॅडम नही आयी?" फुलवंतीनं पुन्हा निऱ्या उचलल्या आणि पंजा उलटा केला. कुठं आहे?

मी रेखाकडे पाहिलं. रेखा म्हणाली, "तुम्ही सांगा. तुमच्या त्या मैत्रीण होत्या." मी म्हटलं, मला खूण येत नाही. तिनं हात हलवले नाहीत, नुसतं तोंडानं, हळू सांगितलं, "जमिनीवर तळहात उपडा ठेवायचा. आणि उचलायचा नाही, समोरच्याला कळेपर्यंत. तिचा आजा गेला तेव्हा तिनंच केली होती ही. फाइलीत शेवटच्या पानावर होती, म्याडम."

गुडघे दुखत होते, तरी मी खाली बसले. फुलवंतीच्या निऱ्यांसारख्या मीही निऱ्या उचलून दाखवल्या. मग तळहात मातीवर ठेवला. माती चांगलीच तापलेली होती. ती हाताकडे पाहत राहिली, मग माझ्या तोंडाकडे, मग परत हाताकडे. तिला कळलं ते मला दिसलं, तरी मी हात उचलला नाही. प्रमिला, तू गेलीस हे तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं.